चष्मा काढल्यावर काय?



सुट्टीत बेटेगावला आलेला नातू म्हणाला, "आजी, व्हीआर चष्मा लावला की माणसाला गाय होता येतं." अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तसा प्रयोग केला, 2016 साली तो प्रसिद्ध झाला. माणसं हातापायांवर रांगायची, चष्म्यात स्वतःचं शरीर गायीचं दिसायचं. तिथे काठी टोचली की खऱ्या अंगालाही टोचायची. नुसता व्हिडिओ पाहणाऱ्यांपेक्षा या लोकांना निसर्ग जास्त आपला वाटला.

मला व्याख्यानात ऐकलेला मेघकुमार आठवला. दीक्षेच्या पहिल्याच रात्री साधूंच्या पायांचे धक्के लागून तो वैतागला, घरी परतायला निघाला. भगवान महावीरांनी त्याला मागचा हत्तीचा जन्म सांगितला. वणव्यात अंग खाजवायला उचललेल्या पायाच्या जागी ससा येऊन बसला, म्हणून त्या हत्तीने अडीच दिवस पाय टेकवला नाही.

चष्मा वाईट नाही. पण त्यातली टोचणी काही मिनिटांत संपते. दुसऱ्या जिवाचं दुःख कळल्यावर पाय वर धरून ठेवावा लागतो, खरा खर्च तिथे आहे.

माझ्या घरी रोज दोन लिटर दूध येतं. चाळीस वर्षं दुधाचा पैशापैशाचा हिशेब लिहिला. वासराला किती उरतं, आटलेली गाय कुठे जाते, हे मात्र एकदाही विचारलं नाही. उद्या दूधवाल्या भाऊंना विचारणार आहे. उत्तर मनाला पटलं नाही, तर दूध निम्मं करीन.

तुम्हीही विचाराल ना?