नातेवाइकांनी आणावे

एप्रिल लागला की आमच्याकडे कुरडया-पापडांची गडबड सुरू होते. गच्चीवर जुन्या साड्या अंथरायच्या, पहाटे उठून चीक शिजवायचा, पोरांना कावळे हाकायला बसवायचं. यंदाही तेच चाललं होतं. गल्लीतल्या चार-पाचजणी माझ्या गच्चीवर जमल्या होत्या. हात चालू, तोंडही चालू. मध्येच एकीनं विचारलं, "ताई, त्या वर्षी आपण कुरडया केल्याच नव्हत्या ना हो?" आणि सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. कुठलं वर्ष, हे कुणी विचारलं नाही. २०२१ चा एप्रिल-मे. कोरोनाची दुसरी लाट.

मैत्रिणींनो, आपण त्या दोन महिन्यांबद्दल फारसं बोलत नाही. बोललो तरी "नको त्या आठवणी" म्हणून विषय बदलतो. दुःखाचं ठीक आहे, ते ज्याचं त्याला माहीत. पण त्या दिवसांत आपल्या मनात जो संताप होता, त्याचं काय झालं? तो कुणावर निघाला? खरं सांगायचं तर भलत्याच माणसांवर निघाला, असं मला वाटतं. म्हणून आज लिहायला बसले. आमचे हे म्हणाले, "राजकारणात पडू नकोस." मी म्हटलं, मी राजकारणावर नाही लिहीत, मी एका चिठ्ठीवर लिहिते आहे.

चिठ्ठी म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी पेशंट होता त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजारी पडले. साधा ताप म्हणून तीन दिवस घरीच काढले. मग तालुक्याला जाऊन छातीचा फोटो, म्हणजे ते एचआरसीटी. तेव्हा गावात कुणी भेटलं की "बरे आहेत का" असं विचारत नव्हतं, "स्कोअर किती आला?" असं विचारायचे. त्यांचा स्कोअर आला चौदा. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला तेव्हा चार-चार दिवस लागत होते, आणि यांचा तर आलाच नाही. कुठंतरी हरवला. सरकारी दवाखान्यात जागा नव्हती. तीन ठिकाणी फिरून एका खासगी दवाखान्यात बेड मिळाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं वहिनींच्या हातात चिठ्ठी ठेवली. रेमडेसिव्हिर, सहा इंजेक्शनं. नातेवाइकांनी आणावे.

कुठून आणावे? ते चिठ्ठीत नव्हतं!

मग सुरू झाली वणवण. दिराला जिल्ह्याच्या गावी पाठवलं, तो मेडिकलसमोर पहाटे पाचपासून रांगेत. दहावीतल्या मुलाच्या हातात मोबाईल, तो ग्रुपवर मेसेज टाकतोय. मी स्वतः किती फोन केले असतील! बचत गटाच्या कामामुळे चार ठिकाणी ओळखी आहेत, त्या सगळ्या वापरल्या. कंट्रोल रूमचा नंबर लागायचा नाही, लागला तर "यादीत नाव टाकलंय" एवढंच उत्तर. शेवटी कुणीतरी मधला माणूस भेटला. छापील किमतीच्या कितीतरी पट सांगितली. वहिनींनी पाटल्या मोडल्या. इंजेक्शनं आली, दिली गेली. नवव्या दिवशी ते गेले.

आता पुढचं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं, की दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांचा जीव या इंजेक्शनानं वाचतो असा पुरावा मिळालेला नाही, तेव्हा ते वापरू नये. म्हणजे आमच्या वहिनींनी पाटल्या मोडल्या त्याच्या पाच महिने आधी! आपल्या देशातल्या उपचारांच्या नियमावलीतही ते सर्रास सगळ्यांना द्यायचं औषध म्हणून नव्हतंच, ठरावीक रुग्णांपुरतं होतं. मग हे आम्हाला कुणी सांगायचं? हात कसे धुवायचे, मास्क कसा लावायचा, हे टीव्हीवर, गाडीवर भोंगा लावून, फोनची रिंग वाजण्याआधीसुद्धा सांगत होतात ना? मग हेही त्याच भोंग्यावरून सांगता आलं असतं, की बायांनो, या इंजेक्शनासाठी दागिने मोडू नका. पुण्यात तर इंजेक्शनाची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती देऊ नका, रुग्णालयांनीच मागणी नोंदवावी, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढावा लागला. आदेश निघाला, पण चिठ्ठ्या काही थांबल्या नाहीत.

हे लिहिताना मलाही टोचतं. रांगेत माणसं पाठवणाऱ्यांत मीही होते. "काही करून आणा" असं मीच त्या दिराला म्हटलं होतं.

तर सांगायचं ते असं, की त्या लाटेत सरकारनं आपलं काम घरावर ढकललं. बेड घरच्यांनी शोधायचा, ऑक्सिजनचा सिलिंडर घरच्यांनी भरून आणायचा, इंजेक्शन घरच्यांनी मिळवायचं. घरच्यांनी म्हणजे कुणी, ते तुम्हाला सांगायला नको. पुरुषमाणूस दवाखान्यात पडलेला, म्हणजे राहिली ती बाई. जिनं कधी एटीएममधून पैसे काढले नव्हते, ती बाई ऑक्सिजन लेव्हल अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय, ते शिकली. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये निघाली, तेव्हा घोषणा चांगलीच वाटली होती. एप्रिलमध्ये तिचा खरा अर्थ कळला!

बरं, लाट काय सांगून आली नव्हती का? चांगली सांगून आली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडे रुग्ण वाढले, २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. म्हणजे दोन महिने हातात होते. १८ एप्रिलला एका दिवसात राज्यात साडेअडुसष्ट हजारांवर नवे रुग्ण सापडले. आणि त्याच्या आदल्याच दिवशी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं होतं. त्याआधीच्या सभांना सगळ्या पक्षांचे मोठे नेते, आणि गर्दी ती केवढी! २२ एप्रिलपासून नियम आला, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांत सगळं उरकायचं, नाहीतर पन्नास हजार दंड. माझ्या भाचीचं लग्न त्यात सापडलं. सख्ख्या मावश्यांनासुद्धा "येऊ नका" म्हणून सांगावं लागलं. आम्ही पाळलं हो. पण बंगालमध्ये आठ टप्प्यांत निवडणूक चाललेली, हरिद्वारला कुंभमेळा भरलेला, हे टीव्हीवर बघत बघत पाळलं. मद्रास उच्च न्यायालय २६ एप्रिलला निवडणूक आयोगावर किती भडकलं होतं, ते आठवत असेल. न्यायमूर्तींना राग आला तर बातमी होते. आपला राग भांडी आपटण्यातच जातो.

दिल्ली मुंबईकडे बोट दाखवत होती, मुंबई दिल्लीकडे. लसीचा साठा संपत आला म्हणून राज्याचे मंत्री सांगायचे, केंद्राचे मंत्री म्हणायचे की उगाच घबराट पसरवताय. जावाजावांच्या भांडणात चुलीवरचं दूध उतू जावं, तशातली गत. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस म्हणून गाजावाजा झाला, आणि १२ मेला अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचं लसीकरण राज्यानं थांबवलं, कारण लसच नव्हती. नोंदणी करायची ती मोबाईलवर, आणि तेव्हा तीही इंग्रजीत. मराठीची सोय जूनमध्ये झाली. तोवर शहरातली मुलं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस घेऊन गेली, आणि त्या गावच्या बाया केंद्राबाहेर बसून राहिल्या.

ऑक्सिजनचं तर विचारूच नका. संसदेच्या आरोग्यविषयक समितीनं नोव्हेंबर २०२० मध्ये ऑक्सिजनच्या पुरवठ्याकडे लक्ष द्या, म्हणून अहवालात सांगितलं होतं. हवेतून ऑक्सिजन तयार करणारे १६२ प्रकल्प देशभरात उभारायला केंद्रानं मंजुरी दिली होती, साधारण दोनशे कोटींचा खर्च. एप्रिल २०२१ च्या मध्यावर त्यातले उभे किती? तेहेतीस. घरात बाळंतीण येणार असली तर आपण सातव्या महिन्यापासून डिंक, मेथ्या, जुनी मऊ लुगडी जमवून ठेवतो. इथं कळा सुरू झाल्यावर वाण्याकडे माणूस पाठवला!

आणि कुणाला जमलंच नसतं, असंही नाही. आपल्या राज्याच्या टोकाला नंदुरबार आहे. आदिवासी जिल्हा, डोंगराळ भाग, एरवी मागास म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं. तिथं तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच, पहिली लाट ओसरत असताना, ऑक्सिजनचा पहिला प्रकल्प उभारून घेतला. पुढं आणखी उभारले. दुसऱ्या लाटेत तिथंही रुग्ण भरपूर वाढले, पण प्राणवायूसाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या तोंडाकडे बघायची वेळ तिथल्या लोकांवर आली नाही. कायदे तेच, सरकार तेच, तिजोरी तीच. मग बाकीच्यांचे हात कुणी धरले होते?

बाकी ठिकाणी काय झालं, ते वर्तमानपत्रांत आलंच आहे. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा कमी पडून त्या दिवशी बावीस माणसं गेली. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग, तेरा गेली. अंबाजोगाईला एका रुग्णवाहिकेत बावीस मृतदेह एकावर एक ठेवून स्मशानात नेले. ते मृतदेह कुणाच्या तरी आया होत्या, कुणाचे वडील होते.

या सगळ्याचा राग आपण काढला कुणावर? दाराशी येणाऱ्या आशाताईवर. माझ्या डोळ्यांदेखत एका घरातून आशाताईच्या अंगावर भांड्यातलं पाणी फेकलं गेलं. "रोज येऊन नावं लिहून नेता, बेड का नाही देत?" बिचारी बेड कुठून देणार! तिच्याकडे एक तापमापक, एक ऑक्सिमीटर आणि वही. मास्कसुद्धा कित्येकींनी स्वतः शिवलेले. तीच आशाताई जून २०२१ मध्ये हजारोंच्या संख्येनं संपावर गेली, आठवडाभरानं मानधनात दरमहा पंधराशेची वाढ पदरात पडली. ज्या बाईनं गल्लीतल्या प्रत्येक घराचा ताप मोजला, तिला पंधराशेसाठी रस्त्यावर बसावं लागलं. सिस्टरवर ओरडलो, लस टोचणाऱ्या पोरीवर ओरडलो. त्या हाताशी होत्या ना, म्हणून. ज्यांनी प्रकल्पांच्या फायली वेळेत हलवल्या नाहीत, ते आपल्या दारी कधी आलेच नाहीत.

आणि मग जुलै उजाडला. २० जुलै २०२१. राज्यसभेत लेखी उत्तर आलं, की ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी केंद्राकडे केलेली नाही. उत्तर देणाऱ्या मंत्री आपल्या नाशिक जिल्ह्यातल्याच, डॉ. भारती पवार. उत्तर नियमाला धरून असेल. आरोग्य हा राज्याचा विषय, राज्यांनी जे कळवलं तेच त्यांनी सांगितलं. म्हणजे चूक एकाच दारात नाही. खाली लिहिलं नाही, म्हणून वर वाचलं नाही, आणि कागदावर सगळं कसं स्वच्छ!

कागदावरून पुन्हा वहिनींकडे येते. सर्वोच्च न्यायालयानं बजावल्यावर कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळायचं ठरलं. वहिनींनी अर्ज भरायला घेतला, तर आरटीपीसीआरचा रिपोर्ट नाही. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं हृदय बंद पडल्याचं लिहिलेलं. तसं हृदय कुणाचं बंद पडत नाही हो मरताना? जिथं दाखल होते त्या दवाखान्यात चकरा, मग जिल्ह्याच्या समितीकडे चकरा. प्रत्येक वेळी एसटीचं भाडं, शेतमजुरीचा बुडालेला दिवस, आणि खिडकीतून एकच उत्तर, "हा कागद आणा." पुन्हा तेच, नातेवाइकांनी आणावे! मी दोनदा सोबत गेले. तिथं एका ओळीत बसलेल्या बाया बघितल्या, तिशी-पस्तिशीच्या, गळे मोकळे, प्रत्येकीच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. अशा बायकांसाठी राज्यानं 'मिशन वात्सल्य' काढलं, कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं गावोगावी त्यांच्या बाजूनं काम केलं, हे नाकारणार नाही. पण त्या ओळीत बसलेल्या निम्म्याजणींना असं काही आहे, हेच माहीत नव्हतं. आम्ही त्यांना तिथंच बसून फॉर्म भरून दिले.

वहिनींना पैसे मिळाले. वर्षभरानं. पाटल्यांचे दामही त्यातून वसूल झाले नाहीत.

परवा कुरडया वाळवून झाल्यावर आम्ही पाचजणी ठरवून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. दुसऱ्या लाटेनंतर तिथंही ऑक्सिजनचा प्रकल्प बसवला होता, फीत कापतानाचे फोटो आम्ही बघितले होते. मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये आहे तो. शेडला कुलूप. जाळीतून बघितलं तर आत धूळ, आणि मशीनवर कुणीतरी ठेवलेले जुने सतरंजीचे तुकडे. "चालतो का?" म्हणून विचारलं, तर वॉर्डबॉय म्हणाला, "चालवणारा माणूसच नाही ना ताई." साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "लेखी द्या."

वहिनींनी तिथंच माझ्या वहीतला कागद फाडून अर्ज लिहिला. शेवटचा प्रकल्प कधी चालू केला, देखभालीचा खर्च कुणाकडे, चालवणारा माणूस कधी नेमणार, असे तीन प्रश्न. खाली पाचजणींच्या सह्या. कारकून म्हणाला, ठेवून जा. वहिनी म्हणाल्या, "नाही, शिक्का मारून पोच द्या." पोच मिळाली आहे. तीस दिवसांनी पुन्हा जाणार आहोत.