द्राक्षे तपासली, माती राहिली

नाशिक वा सांगली जिल्ह्यातील एखाद्या बागायतदाराची द्राक्षे युरोपच्या बाजारपेठेकडे रवाना व्हावयाची असली, म्हणजे अपेडा या केंद्रीय कृषिनिर्यात संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत त्याच्या बागेची नोंद होते, मण्यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि कीटकनाशकांचे अवशेष विहित मर्यादेत असल्याचा निर्वाळा मिळाल्यावाचून माल पुढे सरकत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषापायी आपली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा या तपासणीचे महत्त्व सर्वांस पटले. परदेशी ग्राहकाच्या आरोग्याची अशी चिंता वाहिली जाते याचा विषाद मानण्याचे कारण नाही. विषाद वाटतो तो याचा की, ज्या जमिनीवर ही औषधे वर्षानुवर्षे ठिबकली आणि जी विहीर त्याच बांधालगत आहे, त्यांच्याविषयी असा दाखला शेतकऱ्याकडे कोणी मागत नाही आणि त्याला कोणी देतही नाही.

२०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश यांपासून सामू आणि सेंद्रिय कर्बापर्यंत १२ घटकांची नोंद असते. कीटकनाशकांच्या अवशेषांना मात्र तीत रकाना नाही. तांब्याला आहे, पण तो पिकाला लागणारे अन्न या नात्याने. वस्तुतः केवडा रोगाच्या भयाने ज्या बागांत बोर्डो मिश्रण पुनःपुन्हा फवारले जाते, तेथे त्या मिश्रणातील मोरचुदाचे तांबे मातीच्या वरच्या थरात साचत जाते, गांडुळांस अपाय करते, आणि मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन कधीच होत नाही.

माती-पाण्याकडे असे दुर्लक्ष केल्याची किंमत अन्यत्र मोजली गेली आहे. केरळात कासारगोडच्या काजूबागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले; ते वस्त्यांवर, ओढ्यांवर, विहिरींवर उतरले. सर्वोच्च न्यायालयाचा बंदीहुकूम २०११ मध्ये आला, आणि पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश २०१७ मध्ये. माणसांच्या देहांवर पुरावा उमटेपर्यंत थांबणे म्हणजे काय, हे त्या जिल्ह्याने भोगले आहे.

माती-पाण्यातील अवशेषांची तपासणी खर्चिक आहे, आणि तिचा बोजा शेतकऱ्यावर टाकला तर ती होणारच नाही. शिवाय जमिनीत विष निघाले तर तिचा भाव पडेल ही त्याची धास्ती अगदी रास्त असून, सदर निष्कर्षाचा कसलाही शेरा सातबाऱ्यावर पडणार नाही अशी कायदेशीर हमी त्याला प्रथम मिळाली पाहिजे. पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे अवशेष-परीक्षणाचे ज्ञान आहे. तेव्हा द्राक्षपट्ट्यातील काही गावांची माती आणि विहिरींचे पाणी शासनाने स्वखर्चाने दरवर्षी तपासावे, आणि पाण्याचा अहवाल, ते पाणी पिणाऱ्यांना वाचता येईल अशा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.