पसाऱ्याची परवानगी

गेल्या मे महिन्यात माझा साडेतीन वर्षांचा नातू पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आला होता. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि तो ओट्याशी येऊन उभा राहिला. त्याला गुंतवावे म्हणून लिंबाएवढा गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला. पोराने हात असा झटकला की जणू मी निखाराच ठेवला होता! गोळा खाली पडला. दोन्ही तळवे वर धरून तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "आजी, हात घाण होतील!"

मी हसले खरी, पण रात्री ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कारण ते वाक्य त्याचे नव्हते, त्याच्या आईचेही नव्हते. ते माझे होते. त्याचा बाप लहान असताना दिवसातून वीस वेळा मी ते म्हटले होते. चिखलाला हात लावू नकोस, पाण्यात खेळू नकोस, डब्यात हात घालू नकोस. घर आरशासारखे लख्ख ठेवणारी बाई म्हणून माझे कौतुक व्हायचे आणि ते मला आवडायचे. मुलगा मोठा झाला, त्याने ते वाक्य जपून ठेवले आणि आपल्या मुलाला दिले. आपण वारसा म्हणून काय काय देत असतो, याचा आपल्यालाच पत्ता नसतो.

लहान मूल जग ओळखते ते शब्दांनी नव्हे. हाताने, नाकाने, कानाने आणि जिभेने ओळखते. 'खरखरीत' हा शब्द त्याला शंभरदा सांगा, काही उपयोग नाही. एकदा नारळाच्या शेंडीवरून बोट फिरवू द्या, शब्द कायमचा त्याचा होतो. जड-हलके, थंड-गरम, ओले-कोरडे, गोड-तुरट या सगळ्यांची बाराखडी पाटीवरच्या बाराखडीच्या आधी गिरवायची असते. शिवाय कणीक दाबणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बोटांतच पुढे पेन्सिल धरण्याचे बळ येते.

अलीकडे याला 'सेन्सरी प्ले' असे नाव मिळाले आहे आणि नाव मिळाले की बाजारही मागोमाग येतोच. आमच्या इमारतीत एका घरी असा एक खोका आलेला मी पाहिला. आत काय? रंगवलेले तांदूळ, चार वाट्या, एक चमचा आणि थोडी माती! आपल्या स्वयंपाकघरात आणि गॅलरीतल्या कुंडीत जे फुकट आहे, तेच सुबक वेष्टनात घालून आपल्यालाच विकलेले. आणि आपण ते विकत घेतो, कारण घरातल्या तांदळात मुलाने हात घातला तर तो पसारा असतो आणि खोक्यातल्या तांदळात घातला तर ते शिक्षण असते.

गंमत अशी की हे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह काढले. वास ओळखायच्या बाटल्या, आवाजाच्या डब्या, डोळे झाकून चाचपायची पिशवी, खरखरीत-गुळगुळीत पट्ट्या अशी साधने त्यांनी इंद्रियशिक्षणासाठी योजली. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी त्या विचाराला आपल्या मातीत रुजवायला घेतले. त्यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांच्या दारात गेले.

तिथे महागडी लाकडी साधने कुठून आणायची? या दोघींनी भोवती पाहिले. शंखशिंपले होते, बिया होत्या, पाने, फुले, खडे, काड्या, माती होती. मोजायला बिया, रंग ओळखायला पाने-फुले, आकारासाठी खडे. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची, या त्यांच्या विचारातूनच अंगणवाडी ही कल्पना उभी राहिली. ज्या महाराष्ट्रात शिंपल्यांवर बालशिक्षण उभे राहिले, तिथल्या सुशिक्षित आई-बापांना आज तांदळाचा खोका विकत घ्यावा लागावा, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे एवढेच आहे की घरात साधनांची वाण नाही, वाण आहे ती परवानगीची. पूर्वी सगळे छानच होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या लहानपणी मातीत खेळणाऱ्या मुलांना जंत व्हायचे, गुडघ्यांवरच्या जखमा चिघळायच्या. स्वच्छता हवीच. पण हात धुणे ही स्वच्छता झाली आणि हात मळूच न देणे ही भीती झाली. यांत फरक आहे आणि तो कळायला मला साठी ओलांडावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी नातवासाठी आमचे घर उघडले. गोळा पुन्हा त्याच्या हातावर ठेवला नाही. परातीत थोडे कोरडे पीठ पसरले आणि मीच त्यात बोटाने रेघा काढत बसले. पाच मिनिटांनी एक बोट हळूच आले, मग पाच आली. कोरडे पीठ अंगवळणी पडल्यावर आम्ही त्यात पाणी घातले. चौथ्या दिवशी त्याने स्वतःची पोळी लाटली. तिचा आकार काही सांगण्यासारखा नव्हता, पण ती आजोबांनी तूप लावून खाल्ली.

मग रोज एक नवा उद्योग. रिकाम्या डब्यांत वेलदोडा, जिरे, सुंठ, गवती चहा, पुदिना एकेक घालायचा आणि डोळे मिटून वासावरून ओळखायचे. हिंगाच्या डबीला नातवाने नाक मुरडले आणि पुन्हा तीच मागितली. एकसारख्या डब्यांच्या दोन-दोन जोड्या करून एका जोडीत तांदूळ, दुसरीत राजमा, तिसरीत रवा भरायचा, झाकणे चिकटपट्टीने पक्की बंद करायची आणि हलवून जोडी लावायची. जुन्या उशीच्या अभ्र्यात चमचा, सुपारीचा अडकित्ता सोडून बाकी घरातले काहीही, म्हणजे लिंबू, कंगवा, वाटी, लोकरीचा गुंडा घालायचा आणि न बघता हात घालून सांगायचे. ट्रंकेतल्या चिंध्यांतून रेशमी काठ, खादी, टॉवेल आणि घोंगडीचे तुकडे कापून काढले, तर आमच्याकडे कापडाचे दुकानच थाटले गेले.

पाण्याला तर तोड नाही. घमेल्यात चार बोटे पाणी, दोन वाट्या, गाळणे, एक चाळण. काय तरंगते, काय बुडते? बटाटा बुडाला, सफरचंद तरंगले, यावर आमच्या घरात अर्धा तास चर्चा झाली. जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा खेळ उधळपट्टी वाटेल हे मी जाणते. तिथे तांब्याभर पाणी पुरते आणि खेळून झाले की ते तुळशीला जाते. पाणी मोलाचे आहे हेही त्यातूनच मुलाला समजते.

रंगीत गोळा हवा असेल तर दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी. हळदीने पिवळा होतो, बिटाच्या रसाने गुलाबी. मिठामुळे तो फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस टिकतो. मात्र इतके मीठ पोटात जाता कामा नये. जे मूल अजून सगळे तोंडात घालते, त्याच्या हाती हा गोळा नकोच.

"अन्नाशी खेळायचे?" असे कुणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. मीही त्याच संस्कारात वाढले. म्हणून मला तांदूळ रंगवून फेकण्यापेक्षा घरच्या खऱ्या कामात मुलाला वाटा देणे अधिक पटते. मटार सोलू द्या, कोथिंबीर निवडू द्या, लसूण मोकळा करू द्या, तांदूळ धुऊ द्या. त्याला ते काम वाटत नाही, खेळच वाटतो. आणि त्याने निवडलेली भाजी ताटात आली की ती खाण्यासाठी मागे लागावे लागत नाही, हा वरचा नफा. आपल्या सणांतही हे सगळे आहे. दिवाळीचा किल्ला, गणपतीची शाडू, दारापुढची रांगोळी. फक्त आजकाल किल्ला तयार मिळतो आणि रांगोळीचा स्टिकर.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. पसारा आवरणार कोण? नोकरीहून सात वाजता दमून आलेल्या आईला "मुलाला पिठात खेळू दे" असा उपदेश करणे फार सोपे आहे. तिने मोबाइल हातात दिला तर तिला नावे ठेवायला सगळे टपलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको. सल्ला योग्यच आहे. पण तो घरातल्या एकट्या बाईच्या खांद्यावर टाकला तर टिकणार नाही. ज्या घरात बापाने फडके हातात घेतले, त्या घरात मुलाला परवानगी आपोआप मिळते. आणि हो, हा पसारा उद्या येणाऱ्या कामवाल्या बाईंसाठी राखून ठेवायचा नाही. मुलालाही लहानसे फडके द्या. सांडलेले पुसणे हा त्याच्या दृष्टीने खेळाचाच पुढचा भाग असतो. माझा नातू तर पुसण्यासाठी मुद्दाम सांडू लागला, ही गोष्ट वेगळी!

एक जुनी चादर, एक परात, अर्धा तास एवढी सीमा आखली की दहा बाय बाराच्या खोलीतही हे जमते. चादरीच्या बाहेर गेले की खेळ बंद, हा नियम तीन वर्षांच्या मुलालाही समजतो.

काही गोष्टींत मात्र सूट नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती शेंगदाणे, हरभरे, मणी, बटणे देऊ नयेत. ते घशात, नाकात, कानात जातात. त्यांच्यासाठी मोठ्या वस्तू: वाट्या, कांदा, बटाटा, कापड. पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरात आणूच नका, गिळले तर ते आतड्यात फुगतात. बटणासारखे सेल असलेली खेळणी दूर ठेवा. घमेले असो की बादली, पाण्यापाशी मूल एकटे सोडू नका, अगदी दाराची घंटा वाजली तरी. चार बोटे पाणीही लहानग्याच्या जिवावर बेतू शकते. मिरचीचा डबा वर ठेवा. आणि एखाद्या मुलाला काही स्पर्श मुळातच सहन होत नाहीत. त्याच्यावर जबरदस्ती करू नये, मोठ्यांनी स्वतः खेळावे आणि वाट पाहावी. कपडे, जेवण, आंघोळ असे रोजचेच व्यवहार त्यामुळे अडू लागले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

नातू परत गेला, त्यानंतर आठवड्याने मुलाचा फोन आला. "आई, तू याला काय शिकवलंस? आज त्याने अर्धी कुंडी उकरली." आवाजात तक्रार होती. मी म्हटले, "उकरू दे. तुला मी उकरू दिली नव्हती." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो, मला आठवतंय." ते तीन शब्द मला थोडे लागलेच. पण त्या रविवारी बाप-लेकांनी मिळून कुंडीत मेथी पेरली, असे सूनबाईकडून कळले.

आज रविवार आहे. घरात लहान मूल असेल तर दुपारी अर्धा तास काढा. खर्च काही नाही. परातीत मूठभर पीठ घ्या, शेजारी वाटीभर पाणी ठेवा आणि तोंडावर येणारे ते जुने वाक्य तेवढे गिळून टाका. खाली अंथरायला काही हवे असेल, तर वाचून झाल्यावर ही पुरवणी आहेच.