चाकांच्या फळीवरची लेक



करपा, खोडकिडा आणि युरियाची मात्रा हे या सदराचे नेहमीचे विषय. पण पोलादपूरकडच्या एका वाडीत बियाण्याची सभा आटोपल्यावर एक माउली मागे थांबली. म्हणाली, "साहेब, आमची पोर मोबाइलात बघून चाकांची फळी मागते. पोरीच्या जातीला हे काय खूळ?" तिला वाटेत दोन शब्दांत सांगून भागले नसते, म्हणून इथे लिहितो.

या खेळाला स्केटबोर्डिंग म्हणतात. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली सुमारे पावणेदोन हात लांबीची फळी असते, तिच्या खाली चार चाके. पाय बांधलेले नसतात. मागच्या टोकावर पाय आपटून उडी घ्यायची, पुढच्या पायाने फळी हवेत सावरायची आणि परत तिच्यावरच उतरायचे. 'स्ट्रीट' प्रकारात रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या, कठडे, उतार मैदानात बांधलेले असतात. त्यांवरून कसरती करायच्या आणि पंचांनी गुण द्यायचे. डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन निसरड्या बांधावरून झपाझप जाणाऱ्या आपल्या मुलींना तोल म्हणजे काय, हे वेगळे शिकवायला नको.

पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ साली गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत याच स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडील सुरक्षारक्षक, म्हणजे घर तुमच्या-माझ्यासारखेच, पगारावर हिशेब लावणारे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ प्रथमच आला, आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात पहिली आलेली जपानची मोमिजी निशिया व दुसरी आलेली ब्राझीलची रायसा लिआल, दोघीही अवघ्या तेरा वर्षांच्या!

"शहरातल्या पोरींचे ठीक आहे," असे कुणी म्हणेल. तर मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार हे खेडे आहे. तिथे २०१५ साली उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी काँक्रीटचे स्केट मैदान उभे केले. नियम दोनच: शाळा बुडवली तर फळी नाही, आणि फळीवर पहिला हक्क मुलींचा. त्या गावची आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली. तिला परदेशी पाठवायला घरचे सहजासहजी तयार नव्हते. ते समजवायलाच कित्येक महिने गेले.

त्या दुसऱ्या नियमावर मी बराच विचार केला. आपल्याकडे कबड्डीचे वेड काही कमी नाही. संध्याकाळी मुलगा मैदानावर जातो, तेव्हा त्याची बहीण हंडा उचलते किंवा गोठ्याकडे वळते. मला विचाराल तर महाड-पोलादपुरात मैदानापेक्षा मुलीच्या वेळेची टंचाई मोठी आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे खरे, पण नोकरीकडे डोळा ठेवून फळी घेऊ नका. रोजचा एक तास तिला मोकळा मिळणार असेल, तरच घ्या.

आणि घेतलीच तर फळीच्या आधी हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे पॅड घ्या. पहिला आठवडा नीट पडायला शिकण्यातच जाऊ द्या. डांबरी रस्त्यावर, विशेषतः मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपास, अजिबात सोडू नका. शाळेचे किंवा समाजमंदिराचे सपाट अंगण ग्रामपंचायतीकडे मागून घ्या. पावसात मात्र फळी बाहेर काढायची नाही. पाण्याने लाकडाचे थर सुटतात आणि चाकांतले बेअरिंग गंजते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही, तेव्हा ती पंपाच्या सुट्या भागांसारखी कोरडी पुसून माळ्यावर ठेवा, नाहीतर समाजमंदिराची आतली फरशी संध्याकाळपुरती मिळते का ते पाहा.