प्रौढांना बीसीजी : आशा आणि वास्तव

दंडावरचा बीसीजीचा लहानसा व्रण भारतातील बहुसंख्य माणसे आयुष्यभर वागवीत असतात. जन्मानंतर टोचलेल्या त्या एका लशीने क्षयाची चिंता कायमची मिटली, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. म्हणूनच २०२४ साली महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक जिल्ह्यांत अठरा वर्षांवरील नागरिकांना हीच लस देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. लहानपणीच्या लशीने संरक्षण मिळाले असेल, तर ती पुन्हा कशासाठी? आणि मिळाले नसेल, तर तीच लस पुन्हा घेऊन काय साधणार? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचे सरळ उत्तर मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे.

लशीचा इतिहास पाहिल्याखेरीज हे उत्तर मिळणार नाही. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी लील येथील पाश्चर संस्थेत गुरांच्या क्षयाचे जंतू तब्बल तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केले आणि १९२१ साली ही लस प्रथम मानवास दिली. तान्ह्या मुलांतील मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्व शरीरात पसरणारा क्षय यांपासून ती चांगले रक्षण करते, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. तेव्हा नवजात बालकास बीसीजी टोचून घेण्यात कुचराई होता कामा नये, हे निःसंशय.

प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाची गोष्ट मात्र निराळी आहे. ब्रिटनमध्ये १९५० साली शाळा सोडण्याच्या वयाच्या पन्नास हजारांहून अधिक मुलामुलींवर सुरू झालेल्या चाचणीत या लशीने तीनचतुर्थांशाहून अधिक संरक्षण दिल्याचे आढळले. भारतात तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या चाचणीत अडीच लाखांहून अधिक लोकांचा समावेश होता. तिचे पहिले निष्कर्ष १९७९ साली बाहेर आले, तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने संरक्षण दिल्याचे दिसलेच नाही. पंधरा वर्षांच्या पाहणीअंती, १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष हाच होता की, मुलांना अल्प लाभ, प्रौढांना काहीही नाही. उष्ण प्रदेशातील माती-पाण्यात आढळणाऱ्या क्षयजंतूंच्या भाऊबंदांशी लोकांचा आधीच संबंध आलेला असतो व त्यामुळे लशीचा प्रभाव झाकला जातो, असा एक तर्क मांडला जातो.

मग हा नवा उपक्रम व्यर्थ म्हणावा काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. चिंगलपेटला सरसकट लोकसंख्येवर प्रयोग झाला होता. या वेळी निवड केली गेली ती अधिक धोक्यात असलेल्यांची : गेल्या पाच वर्षांत क्षयातून बरे झालेले, रोग्याच्या निकट सहवासातील, साठीच्या पुढचे, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि अतिशय कृश प्रकृतीचे. अशा लोकांना लशीचा काही आधार मिळतो काय, हे तपासणे गैर नाही. परंतु तपासणी ही तपासणीच असते. ती सिद्ध झालेला उपाय नव्हे. परदेशातील अनुभवही सावध करणाराच आहे. दक्षिण आफ्रिकेत किशोरांना दुसऱ्यांदा बीसीजी दिल्याने संसर्ग काहीसा रोखला जातो, असे २०१८ साली दिसले आणि आशा पल्लवित झाल्या. पुढे त्याहून मोठ्या चाचणीत २०२५ साली ते संरक्षण आढळले नाही.

येथेच शासनाच्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. अशा मोहिमांत लोकांचे मन वळविण्याचे काम शेवटी गावच्या शिक्षकावर, आरोग्यसेविकेवर आणि कचेरीतील कर्मचाऱ्यावर येऊन पडते. ‘लस घ्या आणि क्षयमुक्त व्हा’ असे सांगणे त्यांना सोपे जाईल. पण ते खरे होणार नाही. ही लस स्वेच्छेची आहे, तिचा लाभ अद्याप तपासला जात आहे, गर्भवतींनी, एचआयव्हीबाधितांनी आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी ती घेऊ नये, टोचून घेतल्यावरही दीर्घकाळचा खोकला दुर्लक्षू नये, एवढे चार शब्द सांगितले तर संमतीला अर्थ राहील. १९५५ च्या सुमारास राजगोपालाचारी यांनी बीसीजीविरुद्ध उघड मोहीम उघडली होती. त्यांचे सारेच आक्षेप टिकले नाहीत. तथापि सामूहिक उपक्रमाला उघड प्रश्न विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे आकड्यांनी दिली जावीत, हा धडा आजही लागू आहे. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, चिंगलपेटचे जसे जगापुढे मांडले गेले, तसेच याही उपक्रमाचे मांडले गेले पाहिजेत.

याहून मोठी गोष्ट अशी की, लशीच्या चर्चेत ताटातल्या अन्नाचा विसर पडतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका प्रयोगात २,८०० रोग्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांची पाहणी झाली. त्यांपैकी ज्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या, त्यांच्यात नव्या क्षयाचे प्रमाण इतरांहून सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. फुप्फुसाच्या सांसर्गिक क्षयात तर ही घट ४८ टक्क्यांपर्यंत गेली. प्रौढांना इतके संरक्षण देणारी लस भारताच्या हाती नाही. तांदूळ आणि डाळ मात्र सरकारी कोठारांत आहेत. रोग्याला मिळणारे मासिक साहाय्य पाचशे रुपयांवरून नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाले, हे योग्यच झाले. पण त्याच घरातील निरोगी माणसांचे ताट कोण पाहणार?

२०२५ अखेर भारत क्षयमुक्त करण्याची घोषणा २०१८ साली झाली होती. ती मुदत उलटून गेली, आणि जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश आजही भारतात आहेत. नव्या लशींवर काम चालू आहे. त्यांतील एकीची अखेरच्या टप्प्यातील चाचणी २०२४ साली आफ्रिकेत सुरू झाली. तिची वाट अवश्य पाहावी. परंतु वेळीच तपासणी, अखंड औषधे, सहवासातील माणसांना प्रतिबंधक उपचार आणि पुरेसे अन्न, या चार गोष्टींसाठी वाट पाहण्याचे कारण नाही. प्रौढाने सर्व माहिती समजून घेऊन बीसीजी टोचून घ्यावी की नाही, हे ठरवावे. शासनाने मात्र एका सुईच्या भरवशावर आपली उरलेली कर्तव्ये आटोपली, असे समजू नये.