भंडाऱ्याच्या सभांतील परराष्ट्रनीती

१९५४ सालच्या उन्हाळ्यात, भंडारा जिल्हा अद्याप मध्य प्रदेशात मोडत असताना, येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि भातशेती व विडीच्या धंद्यावर गुजराण करणाऱ्या या मुलखातील मतदारांपुढे त्यांनी भारत सरकारच्या परराष्ट्रनीतीची कठोर चिकित्सा केली, ही गोष्ट आज आपल्याच जिल्ह्याला विस्मृत व्हावी याचे मला दुःख होते. त्याच सुमारास, २९ एप्रिल रोजी, भारत व चीन यांनी तिबेटविषयक करारात परस्परांच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन लिहून दिले होते. बाबासाहेब त्या निवडणुकीत पराभूत झाले. त्यांचा मुद्दा मात्र पराभूत झाला नाही.

तो मुद्दा त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देतानाच मांडला होता : वार्षिक ३५० कोटींच्या महसुलातून सुमारे १८० कोटी रुपये फौजेवर खर्ची पडतात, कारण प्रसंगी ज्याच्यावर भिस्त ठेवावी असा मित्र आपल्याला उरलेला नाही. जगाच्या भांडणापासून दूर राहणारा स्वस्तात सुटतो, हा समज या एका आकड्यासरशी ढासळतो. १९६२ च्या युद्धानंतर दोनच वर्षांत आपल्या जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली; ती देशाला हवीच होती, पण २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ कामगार प्राणास मुकले, तेव्हा संरक्षणाचा खर्च केवळ खजिन्यातून भागत नाही, हे भंडाऱ्याला पुन्हा कळले.

तथापि मैत्रीलाही मर्यादा हवी, हे सांगण्यास आम्हा नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या रयतेइतका अधिकार दुसऱ्या कोणाला असेल? दुसऱ्या रघुजींनी अखेरपर्यंत टाळलेली इंग्रजांची तैनाती फौज आप्पासाहेबांनी १८१६ च्या तहाने पत्करली, पुढल्याच वर्षी सीताबर्डीची लढाई हरली गेली, आणि तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर ते राज्यच खालसा झाले.

परक्या भूमीवर फौज धाडण्याच्या पक्षालाही मी विनाअट अनुकूल नाही. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार सरहद्दीवर आला असता आपण शस्त्र उचलले, कार्यभाग साधला आणि मार्च १९७२ पर्यंत सैन्य माघारी आणले. उलट १९८७ मध्ये श्रीलंकेत उद्दिष्टाची स्पष्ट आखणी न करता शिरलो, आणि १९९० मध्ये परतलो तेव्हा बाराशेच्या आसपास जवान गमावले होते. स्वतःच्या सरहद्दीला वा प्रजेला प्रत्यक्ष झळ लागल्यावाचून, आणि परतीची वेळ आधी ठरविल्यावाचून, एकही पलटण देशाबाहेर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भंडारा-गोंदियाच्या मतदारांना माझी विनंती आहे की, येत्या लोकसभा निवडणुकीत धानाच्या बोनसची विचारणा अवश्य करावी. परंतु देशाचे मित्र कोण, आणि आपली फौज कोणत्या कारणासाठी सीमेपलीकडे जाईल, हेही प्रत्येक उमेदवारास भरसभेत उभे राहून विचारावे.