तेवीस-तेवीसचा कौल

नंदुरबार जिल्हा परिषदेच्या 56 गटांचा जानेवारी 2020 मधला निकाल आजही बारकाईने वाचावा असा आहे. भाजप 23, काँग्रेस 23, शिवसेना 7, राष्ट्रवादी 3. मतदारांनी कोणालाच एकहाती सत्ता दिली नव्हती. आधी शिवसेनेच्या साथीने काँग्रेसच्या सीमा वळवी अध्यक्ष झाल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये ते पद भाजपच्या सुप्रिया गावित यांच्याकडे गेले. मध्येच, 2021 मध्ये, ओबीसी आरक्षणाबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 11 गटांत पोटनिवडणूकही झाली. एका मुदतीत एवढी उलथापालथ!

सत्तेची जुळवाजुळव नियमात बसत असेल. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तिचा हिशेब वेगळा लागतो. तिथे जिल्हा परिषद म्हणजे शाळेतले गुरुजी, उपकेंद्रातली परिचारिका, अंगणवाडीतला आहार आणि पावसाळ्यात खचणारा रस्ता. कुपोषण आणि स्थलांतर ही या जिल्ह्याची जुनी दुखणी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल परतल्यावर पुन्हा वर्गात बसते का, हा प्रश्न अध्यक्ष कोण यापेक्षा मोठा आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: बाजू बदलणाऱ्या सदस्याने आपल्या गटातल्या ग्रामसभांत उभे राहून त्याचे कारण सांगावे.